रोजचा लांबचा गाडीप्रवास : तो वेळ तब्येतीच्या कामी कसा आणावा?

"डॉक्टर, चालायला वेळच मिळत नाही. अडीच तास तर गाडीतच जातात." मधुमेह, बीपी, कंबरदुखी किंवा वाढलेले वजन घेऊन येणाऱ्या नोकरदार रुग्णांकडून हे वाक्य वारंवार ऐकायला मिळते. ते खोटे नाही. समजा, तुम्ही पुण्यातून चाकणच्या एमआयडीसीत किंवा ठाण्याहून नवी मुंबईत स्वतः गाडी चालवत जाता. एका बाजूला सव्वा तास धरला तर रोजचे अडीच तास आणि पाच दिवसांच्या आठवड्यात साडेबारा तास होतात. वर्षात ४८ आठवडे काम केले, तर ६०० तास. म्हणजे वर्षातले पूर्ण २५ दिवस तुम्ही स्टीअरिंगमागे बसून काढता.

एवढा वेळ हातचा जातो म्हटल्यावर तो 'कामी लावण्याचा' मोह होतो. कुणी ऑफिसचे फोन गाडीतच उरकतात, कुणी सिग्नलला मेल वाचतात, कुणी नाश्ता करतात. हा उपयोग चुकीच्या दिशेचा आहे. गाडी चालवताना डोळे, हात आणि लक्ष ही तिन्ही रस्त्यासाठीच ठेवावी लागतात. मात्र त्या वेळात पाठ नीट ठेवता येते, मन थोडे मोकळे करता येते आणि प्रवासाच्या दोन्ही टोकांना चालणे जोडता येते. शिवाय हा प्रवास तुमच्या तब्येतीची रोजची तपासणीही आहे. काही आजारांची पहिली खूण गाडी चालवतानाच दिसते. ती ओळखता आली, तर या प्रवासाचा तो सर्वांत मोठा उपयोग ठरेल.

गाडीत बसून शरीराला काय त्रास होतो?

ऑफिसच्या खुर्चीत आपण चुळबूळ करतो, उठतो, पाय लांब करतो. चालकाला हे जमत नाही. उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेकवर, डावा क्लचवर आणि हात स्टीअरिंगवर अडकलेले असतात. एकाच स्थितीत बसण्याबरोबर रस्त्याचे हादरे मणक्याला मिळत राहतात. रोज दीर्घकाळ गाडी चालवणाऱ्यांमध्ये कंबरदुखी जास्त आढळते, त्यामागे ही दोन्ही कारणे आहेत.

बसून राहिल्यावर मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे मोठे स्नायू जवळजवळ काम करत नाहीत. हेच स्नायू एरवी रक्तातली साखर वापरतात आणि पायातले रक्त वर ढकलतात. त्यातून घरी पोहोचेपर्यंत इतका शीण येतो की व्यायाम राहतो, जेवण उशिरा होते आणि झोप कमी पडते. प्रवासाचे बरेचसे नुकसान या साखळीतून होते.

निघण्यापूर्वी

• झोप : प्रौढ व्यक्तीला साधारण ७ तास झोप लागते. पहाटे चालायला जाण्यासाठी ५ तासांवर उठू नका. झोप कापून केलेला व्यायाम गाडीच्या चाकामागे महागात पडू शकतो.

• नाश्ता : घरी बसून करा. पोहे, उपमा, भाकरी-भाजी, अंडी, जे रोजचे असेल ते चालेल. उपाशी निघालात तर वाटेत वडापाव किंवा बिस्किटांवर वेळ निभावली जाते.

• पाणी आणि लघवी : वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून अनेकजण, विशेषतः स्त्रिया, सकाळपासून पाणीच पीत नाहीत. असे रोज केल्याने लघवीचा संसर्ग आणि मुतखडा यांचा धोका वाढतो. निघण्याच्या तासभर आधी पाणी प्या, निघताना लघवीला जाऊन या आणि पोहोचल्यावर पुन्हा पाणी प्या.

• औषधे : बीपी किंवा हृदयविकारासाठी लघवी वाढवणारी गोळी सकाळी घेत असाल आणि वाटेत अडचण होत असेल, तर गोळी मनाने बंद करू नका. तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

सीट कशी लावावी?

गाडी घरात दोघेजण चालवत असतील, तर सीट दर वेळी नव्याने लावावी लागते. यात दोन मिनिटे जातात.

१. मागच्या खिशातले पाकीट आणि मोबाईल काढून ठेवा. एका बाजूला पाकीट ठेवून रोज बसल्याने कंबर तिरकी राहते आणि ढुंगणातून पायात जाणारी कळ सुरू होऊ शकते.

२. कंबर सीटला पूर्ण मागे टेकवा. क्लच (ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक) पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे.

३. पाठीचा भाग काटकोनापेक्षा थोडा मागे कललेला ठेवा, साधारण १०० ते ११० अंश. पाठ टेकलेली असताना हात लांब केल्यावर मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर आले, तर अंतर बरोबर आहे. छाती आणि स्टीअरिंग यांच्यात किमान २५ सेंटिमीटर अंतर हवे. एअरबॅग उघडण्यासाठी ते लागते.

४. कंबरेच्या खोलगट भागात आधार नसेल, तर नॅपकिनची छोटी गुंडाळी ठेवा. जाड उशी नको, तिने शरीर पुढे ढकलले जाते.

५. हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या वरच्या टोकाच्या पातळीला आणा. मागून धडक बसली तर मान वाचते ती यामुळे.

६. ताठ बसून आतला आरसा लावा. संध्याकाळी आरशात मागचे नीट दिसेनासे झाले, तर बहुतेक वेळा तुम्हीच खाली घसरलेले असता. आरशाला हात न लावता पुन्हा ताठ बसा.

गाडी चालवतानाचा वेळ

फोन नको, हॅन्ड्सफ्रीवरही नको. हात मोकळे असले तरी बोलताना मेंदू संभाषणात गुंततो. डोळे समोर असूनही रस्त्यावरची गोष्ट लक्षात येत नाही. शेजारी बसलेला माणूस गर्दी पाहून गप्प होतो, फोनवरच्या माणसाला ती दिसत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर, गाडी चालवताना हातात फोन धरून वापरणे हे कलम १८४ नुसार धोकादायक वाहन चालवण्यात मोडते. घरी आणि ऑफिसात एकदा सांगून ठेवा : "साडेआठ ते पावणेदहा मी गाडी चालवत असतो, फोन घेणार नाही." आठवड्याभरात लोकांना सवय होते.

ऐकायला काय लावावे? गाणी, भजने, नाट्यपद, कथावाचन, रेडिओ, जे शांतपणे ऐकता येईल ते. नवीन भाषेचे धडेही काहीजण ऐकतात. दोन पथ्ये पाळा : काय ऐकायचे ते गाडी सुरू करण्यापूर्वी ठरवा आणि बाहेरचे हॉर्न व अ‍ॅम्ब्युलन्सचा सायरन ऐकू येईल एवढाच आवाज ठेवा. रंगात आलेला सामना, टीव्हीवरच्या वादावादीच्या चर्चा आणि ज्याने तुमचा पारा चढतो असे काहीही टाळा. वाहतूक अवघड झाली की बंद करा.

श्वास : गर्दीत चिडचिड होऊ लागली, तर सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. मनात ४ मोजेपर्यंत आत, ६ मोजेपर्यंत बाहेर, असे दहा वेळा. डोळे उघडेच ठेवा, श्वास रोखू नका. कपालभाती किंवा भस्त्रिका गाडी चालवताना करू नका, चक्कर येऊ शकते.

गाडी पूर्ण थांबलेली असताना : लांब सिग्नलला हँडब्रेक लावून खांदे मागे फिरवा, दोन्ही खांद्यांची पाती पाठीमागे जवळ आणून ५ सेकंद धरा. बाळंतपणानंतर किंवा वाढत्या वयात खोकताना-शिंकताना लघवी निसटत असेल, तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा कीगल व्यायामही इथे जमतो. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो तेच ५ सेकंद आवळायचे, ५ सेकंद सोडायचे, असे १० वेळा.

घरी पोहोचल्यावर : गाडी बंद करून दोन मिनिटे तशीच बसा. ऑफिसात काय राहिले ते मनात एकदा म्हणा आणि उद्यावर टाका. दार उघडल्याबरोबर मुलांवर निघणारा राग बऱ्याचदा रस्त्यावरून घरी आणलेला असतो.

दोन्ही टोकांना चालणे जोडा

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतके झपझप चालणे म्हणजे मध्यम श्रम. तो एका दमात करायची गरज नाही.

गाडी ऑफिसपासून १० मिनिटे चालण्याच्या अंतरावर लावा. पार्किंग आतच असेल, तर गाडी लावून आवाराला १० मिनिटे फेरी मारा. जेवणानंतर १० मिनिटे चाला. संध्याकाळी गाडीत बसण्यापूर्वी पुन्हा १० मिनिटे. रोजची ३० मिनिटे, पाच दिवसांची १५०. म्हणजे आठवड्याचे किमान प्रमाण घरी पोहोचण्यापूर्वीच पूर्ण झाले. जेवणानंतरच्या चालण्याने जेवणानंतर वाढणारी साखरही आटोक्यात राहते. संध्याकाळचे चालणे घरी गेल्यावर करू म्हणाल तर बहुधा राहून जाईल, म्हणून ते आधीच उरका.

आठवड्यातून एक-दोन दिवस कंपनीची बस, लोकल, मेट्रो किंवा सहकाऱ्याची गाडी शक्य असेल, तर जरूर वापरा. त्या दिवशी डुलकी, वाचन आणि फोन, तिन्ही बिनधास्त करता येतात.

गाडी चालवताना दिसणाऱ्या आजाराच्या खुणा

सिग्नलला डोळा लागणे. ही खूण सर्वांत महत्त्वाची आहे. दिवसाची झोप मोजण्यासाठी डॉक्टर एपवर्थ नावाची प्रश्नावली वापरतात. तिच्या आठ प्रश्नांपैकी एक प्रश्नच असा आहे की, गाडी रहदारीत काही मिनिटे थांबली असता तुम्हाला डुलकी लागते का? रात्री मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकून दचकून जागे होणे, सकाळी डोके जड वाटणे आणि दिवसा पेंग येणे, हे सगळे असेल तर 'स्लीप अ‍ॅप्निया'ची शक्यता असते. यात झोपेत घशाची वाट पुन्हा पुन्हा बंद होते, त्यामुळे ८ तास अंथरुणात काढूनही झोप पूर्ण होत नाही. वजन जास्त, मान जाड आणि बीपी आटोक्यात न येणारे असेल तर शंका आणखी बळावते. स्लीप स्टडी करून निदान होते. सीपॅप यंत्राने बहुतेकांची दिवसाची झोप उतरते आणि अपघाताचा धोकाही कमी होतो.

झोपेला हलके घेऊ नका. ताशी ८० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदाला २२ मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला तर ६६ मीटर अंतर चालकाविना कापले जाते. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी मंदावते. आपल्याकडे कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे.

पायाला मुंग्या किंवा कळ. कंबरेतून पायात उतरणारी कळ, पाऊल बधिर होणे किंवा ब्रेक दाबताना जोर कमी वाटणे, ही मणक्यातली नस दबल्याची लक्षणे असू शकतात. मधुमेहात तळपाय बधिर झाल्याने पेडल नीट कळत नाही. दोन्हीसाठी तपासणी हवी.

समोरच्या दिव्यांचा त्रास. रात्री दिव्यांभोवती वलये दिसणे किंवा डोळे दिपून काही क्षण काहीच न दिसणे, हे मोतीबिंदूमुळे किंवा चष्म्याचा नंबर बदलल्याने होते. नेत्रतज्ज्ञांना दाखवा आणि तोवर रात्री गाडी चालवणे टाळा.

पार्किंगपासून चालताना छाती भरून येणे. थांबल्यावर बरे वाटते म्हणून हे ॲसिडिटीवर ढकलू नका. हृदयाची तपासणी लगेच करून घ्या.

मधुमेह असेल तर

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर गाडी चालवताना अचानक कमी होऊ शकते. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका फार कमी असतो.

• निघण्यापूर्वी साखर तपासा. ९० च्या वर असेल तर निघा. ७० ते ९० मध्ये असेल तर आधी काही खा. ७० च्या खाली असेल तर गाडी चालवू नका.

• वाटेत घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखे किंवा अंधुक दिसणे असे झाले, तर गाडी सुरक्षित जागी घेऊन बंद करा. १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर किंवा तीन चमचे साखर पाण्यातून घ्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, कमी असेल तर पुन्हा घ्या. चॉकलेटमधली साखर सावकाश रक्तात जाते, ते अशा वेळी उपयोगी नाही.

• साखर ठीक झाल्यावरही साधारण ४५ मिनिटे थांबा. मेंदू पूर्ववत व्हायला वेळ लागतो.

• इन्सुलिन आणि तपासणीच्या पट्ट्या उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. दोन्ही उष्णतेने खराब होतात.

औषधे, गरोदरपण आणि शस्त्रक्रियेनंतर

सर्दी-खोकल्याची अनेक औषधे (विशेषतः क्लोरफेनिरामिन असलेली), झोपेच्या गोळ्या, अल्प्राझोलम, अ‍ॅमिट्रिप्टिलिन आणि नसांच्या दुखण्यासाठी दिले जाणारे प्रीगॅबालिन यांनी गुंगी येते. नवीन औषध सुरू करताना "मी रोज गाडी चालवतो" हे डॉक्टरांना न विचारता सांगा.

गरोदरपणात सीटबेल्ट सोडू नका. खालचा पट्टा पोटाखालून, कंबरेच्या हाडांवरून घ्या. वरचा पट्टा दोन स्तनांच्या मधून आणा. सिझेरियन किंवा पोटाच्या इतर शस्त्रक्रियेनंतर, न दुखता जोरात ब्रेक दाबता येईपर्यंत थांबा आणि सर्जनची परवानगी घ्या. फिट किंवा बेशुद्धीचा झटका एकदाही आला असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय गाडी हातात घेऊ नका.

वाटेत झोप येऊ लागली तर

काच उघडणे, गाणी मोठ्याने लावणे, तोंडावर पाणी मारणे यांनी काही मिनिटे तरतरी वाटते, झोप जात नाही. पेट्रोल पंप, हॉटेल किंवा फूड मॉलच्या आवारात गाडी लावा. एक्सप्रेसवेच्या कडेला थांबू नका. कप भर कॉफी किंवा चहा घेऊन १५ ते २० मिनिटे झोप काढा. उठेपर्यंत कॉफीचा परिणाम सुरू झालेला असतो. एसीसाठी इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपू नका, विषारी कार्बन मोनॉक्साइड आत साचून जीव जाऊ शकतो. रात्रपाळी करून सकाळी स्वतः गाडी चालवत घरी येणे सर्वांत धोक्याचे आहे. शक्य असेल तर त्या दिवशी कंपनीची बस घ्या.

घरच्यांसाठी

झोपेत श्वास अडकतो हे झोपणाऱ्याला कळत नाही, शेजारच्याला कळते. "घोरतात, त्यात काय?" म्हणून सोडू नका. दोन रात्री मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा आणि डॉक्टरांना ऐकवा. प्रवासाच्या वेळात "कुठपर्यंत आलास?" असे विचारायला फोन करू नका. लोकेशन शेअर करून ठेवले की तुम्हाला कळते आणि त्यांना फोन उचलावा लागत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गाडीत येणाऱ्या उन्हातून ड जीवनसत्त्व मिळते का?
नाही. ते तयार करणारी यूव्ही-बी किरणे काच अडवते. कातडी काळवंडवणारी यूव्ही-ए किरणे मात्र बाजूच्या काचेतून बरीचशी आत येतात. जेवणानंतरचे १० मिनिटांचे चालणे उन्हात केलेत, तर त्याचा उपयोग होईल.

एसीत आतलीच हवा फिरवावी का?
ट्रकच्या मागे किंवा कोंडीत अडकलात तर काचा बंद करून आतली हवा फिरवा, धूर कमी येतो. पण तासभर तसेच ठेवले तर आतला कार्बन डायऑक्साइड वाढून सुस्ती येते. मोकळा रस्ता लागला की बाहेरची हवा घ्या. झोत डोळ्यांवर सोडू नका, डोळे कोरडे पडतात.

कंबरेचा पट्टा बांधून गाडी चालवू का?
रोजची सवय म्हणून नको. सीट नीट लावणे आणि पाठीचे व्यायाम शिकून करणे याला तो पर्याय नाही. डॉक्टरांनी काही आठवड्यांसाठी सांगितला असेल तर तेवढाच वापरा.

पायात रक्ताची गुठळी होईल का?
धोका वाढतो तो मुख्यतः ४ तासांहून अधिक सलग बसल्याने. गावी जाताना दर दोन तासांनी उतरून चाला. एकाच पायाची पोटरी सुजली आणि दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

लगेच गाडी थांबवा आणि १०८ ला फोन करा, जर :

• छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, दरदरून घाम आला
• तोंड वाकडे झाले, हात-पाय लुळा पडला, बोलणे अडखळू लागले
• अचानक दिसेनासे झाले किंवा शुद्ध हरपते आहे असे वाटले

गाडी डावीकडे सुरक्षित जागी घ्या, चारही इंडिकेटर लावा, दारे अनलॉक करा. "हॉस्पिटल जवळच आहे, पोहोचतो" असे म्हणून स्वतः चालवत जाऊ नका.

थोडक्यात

प्रवास लगेच कमी होणार नसेल, तर उद्यापासून एवढेच करा : सीट एकदा नीट लावा, फोन घेणे बंद करा आणि तीन वेळा १० मिनिटे चाला. आणि पुढच्या सिग्नलला पापण्या जड झाल्या, तर तो थकवाच आहे असे गृहीत न धरता डॉक्टरांना सांगा.

(ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. औषधात किंवा उपचारात बदल करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)